खाती मोजलीत, आता समज मोजा

प्रति,
डिजिटल आरोग्यसेवा आखणारे, चालवणारे आणि तिच्यासाठी निधी मंजूर करणारे आरोग्य यंत्रणांचे सर्व धोरणकर्ते,

सविनय नमस्कार.

मी डॉक्टर नाही आणि संगणकतज्ज्ञही नाही. ज्यांना आपली आरोग्यविषयक कामे मोबाइलवर किंवा संगणकावर एकट्याने करता येत नाहीत, अशा लोकांच्या शेजारी बसून त्यांना मदत करण्याचे काम मी गेली काही वर्षे स्वेच्छेने करते आहे. या कामात जे रोज दिसते ते आपल्या वार्षिक अहवालांत मला कधी आढळले नाही. किती नागरिकांनी खाते उघडले, किती जणांनी अ‍ॅप घेतले, किती अपॉइंटमेंट ऑनलाइन ठरल्या, याचे आकडे त्यांत असतात आणि ते दरवर्षी वाढलेले असतात. पडद्यावर जे दिसले ते त्या नागरिकाला कळले का, आणि कळून त्याने पुढे योग्य ते केले का, यासाठी मात्र त्या तक्त्यांत रकानाच नसतो. तो रकाना असावा आणि तो बाकी सगळ्या रकान्यांच्या आधी असावा, हे सांगण्यासाठी मी हे पत्र लिहीत आहे.

एक प्रसंग सांगते. साठी ओलांडलेल्या एका बाईंना रात्री साडेनऊच्या सुमारास संदेश आला की त्यांच्या रक्ततपासणीचा अहवाल तयार आहे. त्यांनी लिंक उघडली, ओटीपी टाकला, अहवाल उघडला. म्हणजे आपल्या मोजणीत एक यशस्वी वापर जमा झाला. अहवालात यकृताशी संबंधित एक आकडा ठळक अक्षरांत छापलेला होता आणि त्याच्यासमोर वर जाणारा बाण होता. बाणाचा अर्थ कुठेही लिहिलेला नव्हता. बाईंनी त्या तपासणीचे नाव आणि ‘वाढण्याची कारणे’ एवढे शब्द टाकून शोध घेतला, तेव्हा साध्या कारणांपासून सुरू झालेली यादी कर्करोगापर्यंत जाऊन पोहोचली. रात्रभर त्या जाग्या होत्या. सकाळी त्या माझ्यासमोर बसल्या तेव्हा त्यांचा प्रश्न अहवालाविषयी नव्हताच. मुलांना हे कसे सांगायचे, असे त्या विचारत होत्या. दोन दिवसांनी डॉक्टरांनी सांगितले की वाढ किरकोळ आहे आणि काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करून पाहू.

त्या रात्री त्यांना ज्या माहितीची गरज होती ती गुंतागुंतीची नव्हती. बहुतेक तपासण्यांची ‘नॉर्मल’ मर्यादा ठरवताना निरोगी लोकांच्या मोजमापांपैकी मधले ९५ टक्के आकडे आत येतील अशी रेषा आखली जाते. त्यामुळे पूर्णपणे निरोगी असलेल्या २० माणसांपैकी साधारण एकाचा आकडा या मर्यादेबाहेर पडतोच. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या एकाच निरोगी माणसाच्या केल्या, तर त्यांतली किमान एक तरी मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के निघते. ही गोष्ट प्रयोगशाळेत काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. ज्याच्या हातात अहवाल पडतो त्याला ती कोणी सांगत नाही, आणि याचा मला मनापासून राग येतो, कारण बाण छापायला जितकी जागा लागते त्याहून थोड्याशाच अधिक जागेत हे सांगता आले असते.

अशा प्रसंगानंतर दवाखान्यात हमखास मिळणारे उत्तर म्हणजे ‘इंटरनेटवर वाचू नका’. हा सल्ला निरुपयोगी तर आहेच, पण तो अन्यायकारकही आहे, कारण अहवाल, अपॉइंटमेंट, औषधांची यादी आणि लसीकरणाची नोंद हे सारे इंटरनेटवरच पाहा, असे सांगणारी यंत्रणा तीच असते. माणूस शोध घेणारच. रायन व्हाइट आणि एरिक हॉर्विट्झ या संशोधकांनी २००९ साली शोधयंत्रांच्या वापराचा अभ्यास करून दाखवले होते की डोकेदुखीसारख्या साध्या लक्षणापासून सुरू झालेला शोध मेंदूतील गाठीसारख्या दुर्मीळ आजाराकडे सहज सरकतो. याचे एक कारण असे की शोधयंत्राने दिलेला क्रम लोक शक्यतेचा क्रम समजून वाचतात. प्रत्यक्षात तो क्रम पानाची लोकप्रियता, शब्दांचा मेळ आणि इतर अनेक गोष्टींवरून ठरतो. आपल्याला तो आजार असण्याचा संभव किती, याच्याशी त्याचा काही संबंध नसतो. हे एक वाक्य समजावून सांगितले की अनेकांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी पाहिला आहे.

या कौशल्याला आज डिजिटल आरोग्यसाक्षरता म्हणतात. कॅमेरॉन नॉर्मन आणि हार्वे स्किनर यांनी २००६ मध्ये तिची मांडणी करताना सहा प्रकारच्या साक्षरता एकत्र आणल्या होत्या: लिहिता-वाचता येणे, आरोग्यविषयक गोष्टी समजणे, माहिती शोधता येणे, विज्ञान कसे काम करते हे कळणे, माध्यमांकडे चिकित्सकपणे पाहता येणे आणि संगणक वापरता येणे. या सहांपैकी आपली प्रशिक्षणे बहुधा शेवटच्या एकावरच थांबतात. अ‍ॅप कसे उघडायचे, बटण कुठे दाबायचे, पासवर्ड कसा बदलायचा, हे शिकवले की शिबिर संपते आणि उपस्थितांची संख्या अहवालात जाते.

मोजणीतही असाच घोटाळा आहे. नॉर्मन आणि स्किनर यांनी तयार केलेली आठ प्रश्नांची मोजपट्टी जगभर वापरली जाते, पण ती माणसाला स्वतःविषयी काय वाटते एवढेच विचारते. उपयुक्त माहिती कुठे मिळते हे मला माहीत आहे, चांगली आणि वाईट माहिती मला ओळखता येते, अशा विधानांशी आपण किती सहमत आहात, असा तिचा रोख असतो. ही उणीव ओळखून नेदरलँड्समधील रोझली व्हान डर व्हार्ट आणि कॉन्स्टन्स ड्रोसार्ट यांनी २०१७ मध्ये जी नवी मोजपट्टी मांडली, तिच्यात उत्तर देणाऱ्याला काही प्रश्न प्रत्यक्ष सोडवून दाखवावे लागतात. हा फरक केवळ संशोधकांच्या कामाचा आहे असे कृपया समजू नका. माझ्याकडे येणाऱ्यांत बोटे झरझर चालवणारा एक तरुण होता. माहिती शोधण्यात आपल्याला पूर्ण गुण द्यावेत असे त्याचे म्हणणे होते, आणि तो एका पूरक औषधाच्या विक्रीचे पान संशोधनाचा निष्कर्ष म्हणून वाचत होता. त्याच आठवड्यात आलेल्या एका आजींना स्क्रीनला हात लावायची भीती वाटत होती, पण पान वाचून दाखवल्यावर त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘हे लिहिणारा हेच विकतो का?’ वयावरून आणि बोटांच्या वेगावरून साक्षरता ठरवणारी कोणतीही योजना या दोघांनाही चुकीच्या वर्गात बसवील.

विश्वासार्ह माहिती ओळखायला आपण लोकांना जे शिकवता, त्याचाही फेरविचार व्हायला हवा. पानावर लेखकाचे नाव आहे का, तारीख आहे का, संस्थेचे बोधचिन्ह आहे का, भाषा शुद्ध आहे का, अशी यादी अनेक पुस्तिकांत छापलेली असते. या सगळ्या गोष्टी फसवणाऱ्यालाही उत्तम जमतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये इतिहासातील १० पीएचडीधारक, २५ विद्यार्थी आणि १० व्यावसायिक तथ्यतपासनीस यांना संकेतस्थळे पारखायला दिली. त्यांतल्या एका कामात बालरोगतज्ज्ञांच्या मोठ्या, जुन्या संघटनेचे पान आणि तिच्यातून फुटून निघालेल्या छोट्या गटाचे तितकेच रुबाबदार दिसणारे पान यांची तुलना करायची होती. पान वरपासून खालपर्यंत लक्षपूर्वक वाचणारे बरेच विद्वान आणि विद्यार्थी गोंधळले. तथ्यतपासनीस मात्र ते पान जवळजवळ न वाचताच सोडून गेले आणि दुसऱ्या टॅबमध्ये या संस्थेविषयी इतर काय म्हणतात ते आधी पाहू लागले. कुणाविषयी खात्री करायची तर त्याच्याच तोंडून चौकशी करत नाहीत, हे शहाणपण आपल्या वाडवडिलांनाही होते. ते मोबाइलवर कसे वापरायचे एवढे शिकवायचे आहे. शिक्का देऊन हा प्रश्न सुटत नाही, याचा अनुभवही जगाने घेतला आहे. आरोग्यविषयक संकेतस्थळांना मानांकन देणारी जिनिव्हातील ‘हेल्थ ऑन द नेट’ या संस्थेची आचारसंहिता १९९६ मध्ये सुरू झाली आणि २०२२ च्या अखेरीस ती सेवा बंद पडली.

चिकित्सक वाचन शिकवता येत नाही, सामान्य माणसाच्या ते आवाक्याबाहेर असते, असा समज अनेक बैठकांत बोलून दाखवला जातो. तो खोडून काढणारा पुरावा युगांडातून आला. तेथील १२० प्राथमिक शाळांतील १० हजारांहून अधिक मुलांवर एक चाचणी झाली आणि २०१७ मध्ये तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने प्रसिद्ध केले. एखादा उपचार गुणकारी आहे असा दावा कानावर आला तर त्याला कोणते प्रश्न विचारायचे, हे निम्म्या शाळांत चित्रकथांच्या पुस्तकातून शिकवले गेले. परीक्षेत त्या शाळांतील ६९ टक्के मुले उत्तीर्ण झाली. जिथे हे शिकवले नव्हते तिथे हे प्रमाण २७ टक्के होते. मुलांच्या हातात संगणक नव्हते, इंटरनेटही नव्हते. दहा-बारा वर्षांच्या मुलांना जे येऊ शकते ते प्रौढ नागरिकांना येणार नाही, असे मानण्याला आधार काय?

आता थोडे कटू बोलते. डिजिटल आरोग्यसाक्षरतेची चर्चा निघाली की सारी चूक नागरिकाची आणि समाजमाध्यमांची, असे गृहीत धरले जाते. काही चुका अधिकृत दारांतूनच बाहेर पडल्या आहेत. गोवराच्या एकत्रित लसीचा स्वमग्नतेशी (ऑटिझमशी) संबंध सुचवणारा लेख १९९८ मध्ये एका अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात छापला गेला. त्याचा आधार फक्त १२ मुले होता आणि तो पूर्णपणे मागे घ्यायला २०१० साल उजाडले. त्या बारा वर्षांत ज्या पालकांनी ‘प्रतिष्ठित स्रोत पाहा’ हा सल्ला तंतोतंत पाळला, त्यांना तोच लेख सापडत होता. त्याहून बोलके उदाहरण १९९५ चे आहे. ब्रिटनमधील औषधसुरक्षा समितीने इशारा दिला की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. वाक्य खरे होते. दर ७ हजार स्त्रियांमागे एकीला असलेला धोका दोघींना होत होता. पण लोकांपर्यंत पोहोचला तो ‘दुप्पट’ हा शब्द. घाबरून असंख्य स्त्रियांनी गोळ्या सोडल्या, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे १३ हजार अधिक गर्भपात झाल्याचा अंदाज मांडला गेला. गरोदरपणात गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो, हे त्या गडबडीत कुणाच्या लक्षात राहिले नाही.

तेव्हा इंटरनेट घरोघरी नव्हते. आज तोच शब्द तासाभरात लाखो फोनवर जाईल. म्हणून माझी मागणी आहे की आपल्या कोणत्याही पानावर, संदेशात किंवा पत्रकात धोका ‘इतक्या पटींनी वाढतो’ किंवा ‘इतक्या टक्क्यांनी घटतो’ एवढेच लिहून थांबू नये. किती माणसांपैकी किती, आधी किती आणि नंतर किती, हे पूर्ण संख्येत लिहावे. टक्केवारी समजायला अवघड जाणारे लोक अल्पशिक्षितच असतात, हाही भ्रम आहे. युरोपातील आठ देशांत २०११ मध्ये झालेल्या पाहणीत जवळजवळ निम्म्या लोकांची आरोग्यसाक्षरता अपुरी किंवा अडचणीची आढळली होती, आणि ते शाळा न पाहिलेले देश नव्हेत.

महासाथीच्या काळात आपण सर्वांनी काय पाहिले ते फार जुने नाही. जागतिक आरोग्य संघटनेचे महासंचालक टेड्रॉस अधानोम गेब्रेयेसस यांनी फेब्रुवारी २०२० मध्येच सांगितले होते की आपला लढा साथीबरोबर माहितीच्या महापुराशीही आहे. त्यानंतरच्या काही आठवड्यांत इराणमध्ये, मद्य प्यायल्याने विषाणू मरतो या अफवेपायी मिथेनॉल पिऊन शेकडो माणसे मेली. अशा अफवा पसरवणारे बहुतेक लोक दुष्ट नसतात. ज्यांच्यावर आपली माया असते त्यांनाच ते संदेश पुढे पाठवत असतात. अधिकृत यंत्रणा त्या वेळी गप्प असेल, किंवा तिचे उत्तर चाळीस पानांच्या पीडीएफमध्ये दडलेले असेल, तर ती जागा फॉरवर्ड भरून काढतो. अजून कोणती गोष्ट ठरलेली नाही, ती कधी कळेल, आणि तोवर काय करावे, एवढ्या तीन गोष्टी त्या दिवशी साध्या भाषेत सांगणारी यंत्रणा लोकांना विश्वासाची वाटते. कालची सूचना आज बदलली तर ती का बदलली हेही तिने सांगावे. गुपचूप पान बदलण्याने जो विश्वास जातो तो परत येत नाही.

ज्यांच्यापर्यंत यांतले काहीच पोहोचत नाही त्यांच्याविषयी मला सर्वांत अधिक लिहायचे आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातील सुमारे २६० कोटी माणसे इंटरनेटबाहेर होती. ज्युलियन ट्यूडर हार्ट या डॉक्टरांनी १९७१ मध्ये असे निरीक्षण मांडले होते की जिथे गरज जास्त तिथे चांगली वैद्यकीय सेवा कमी मिळते. डिजिटल सेवेत तेच पुन्हा घडताना मी पाहते, कारण वृद्ध, दीर्घ आजारी, दृष्टी अधू झालेले आणि कमी शिकलेले लोक हेच आरोग्यसेवेचे सर्वांत मोठे गरजू आणि तेच पडद्यासमोर सर्वांत जास्त अडणारे. इंटरनेटबाहेरच्यांत मी आणखी एक गट धरते, तो कोणत्याच आकड्यात येत नाही. घरात एकच फोन असतो आणि तो मुलाजवळ असतो. ओटीपी मुलाला येतो, म्हणून आईने स्त्रीरोगतज्ज्ञांकडे घेतलेली अपॉइंटमेंट आधी मुलाला कळते. एका बाईंनी मला विचारले होते की नवरा रोज फोन तपासतो, तर हा अहवाल फोनवर येऊ नये असे सांगता येईल का. त्या अ‍ॅपमध्ये तशी सोय नव्हती, आणि कागदावर अहवाल देण्याचे प्रयोगशाळेने बंद केले होते. अशा घरांत डिजिटल सोय ही पाळत होऊन बसते.

यावर आपण ‘नातेवाइकांची मदत घ्या’ असे लिहिता. मदत घ्यावी लागते हे मान्यच आहे; मीही तीच करते. पण मदतनिसाला अधिकृतपणे, मर्यादित आणि केव्हाही काढून घेता येईल असा प्रवेश देण्याची सोय बहुतेक ठिकाणी नसल्याने लोक सरळ पासवर्ड सांगतात. कितीतरी अनोळखी माणसांनी मला आपला पासवर्ड दिला आहे. मी तो विसरण्याचा कसून प्रयत्न करते, पण कुणाच्या आयुष्यातील सर्वांत खासगी नोंदी माझ्या प्रामाणिकपणावर अवलंबून असाव्यात, हे मला भयंकर वाटते. खासगीपणाच्या अटी लांबलचक असतात आणि सहमतीचे बटण तेवढे मोठे असते. आरोग्यविषयक अ‍ॅप वापरकर्त्यांची माहिती जाहिरातदारांपर्यंत पोहोचवतात म्हणून अमेरिकेच्या व्यापार आयोगाला २०२३ मध्ये कारवाई करावी लागली, यावरून त्या बटणामागे काय असू शकते हे कळावे.

लक्षणे टाकून आजार सांगणाऱ्या साधनांविषयी थोडक्यात. २०१५ मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत अशा २३ साधनांनी योग्य निदान पहिल्या क्रमांकावर सांगितल्याचे प्रमाण ३४ टक्के होते. आताचे एआय चॅटबॉट त्यांच्याहून कितीतरी सफाईने बोलतात, आणि माझी काळजी त्या सफाईचीच आहे. चुकीचे उत्तरही ते त्याच शांत, आर्जवी सुरात देतात. आपण आपल्या सेवेत असे साधन बसवणार असाल, तर हा प्रश्न साधनाने सोडवू नये, माणसाकडेच जावा, असे प्रसंग कोणते, हे आधी ठरवा आणि पडद्यावर सर्वांत वर लिहा.

आता मागणी. कोणतीही नवी डिजिटल सेवा सुरू करण्यापूर्वी, ज्यांना ती वापरणे सर्वांत अवघड जाईल अशी दहा-बारा माणसे बोलवा, त्यांच्या हातात फोन द्या आणि गप्प बसून पाहा. अहवाल शोधायला सांगा, गोळी दिवसातून किती वेळा घ्यायची ते वाचून सांगायला सांगा, कोणत्या लक्षणासाठी थांबू नये ते विचारा. चांगले डॉक्टर आणि परिचारिका रुग्णाला शेवटी म्हणतात, ‘मी काय सांगितले ते तुमच्या शब्दांत सांगा बरं’, आणि उत्तर चुकले तर आपण नीट सांगितले नाही असे मानून पुन्हा सांगतात. आपल्या पडद्यांची परीक्षा याच पद्धतीने घ्या. दहापैकी किती जणांना जमले तो आकडा, कमी असला तरी, वार्षिक अहवालात खात्यांच्या संख्येशेजारी छापा. ऑनलाइन सेवा सुरू झाली म्हणून खिडकी, दूरध्वनी आणि कागद बंद करू नका. ज्या दिवशी त्या आकड्याने खरोखर परवानगी दिली असेल त्या दिवशी तो विषय काढू. रुग्ण इंटरनेटवर काय वाचून आला आहे हे विचारायला डॉक्टरांना दोन मिनिटे मिळतील अशी वेळेची आखणी करा, कारण तो प्रश्न विचारला गेला नाही तर माणूस वाचलेले लपवतो आणि कधी कधी त्यावर अंमलही करतो.

यांतील बऱ्याच गोष्टींना वेळ, माणसे आणि पैसा लागेल, याची मला कल्पना आहे. एका गोष्टीला लागणार नाही, म्हणून ती ताबडतोब व्हावी अशी विनंती करते. तपासणीच्या अहवालात जिथे बाण छापला जातो त्याच्या खाली एवढे लिहा: ‘हा आकडा नेहमीच्या मर्यादेपेक्षा थोडा जास्त आहे. निरोगी माणसांतही असे पुष्कळदा आढळते. आपले डॉक्टर अमुक तारखेपर्यंत आपल्याशी याविषयी बोलतील. तोवर अमुक लक्षणे दिसली तरच या क्रमांकावर फोन करा.’ आणि आकडा खरोखर काळजीचा असेल, तर तो रात्री साडेनऊला लिंकमधून पाठवू नका. माणसाने माणसाला फोन करावा.

कळावे,

आपली नम्र,
एक स्वयंसेवी मदतनीस